बुलेट फटफटीचें अंतरंग

मोटारसायकल हें यंत्र प्रथम आपल्या खेड्यापाड्यांत आलें तेव्हां लोकांनीं त्याचें नांव कोणास विचारलें नाहीं. त्यांनीं त्याचा आवाज ऐकला आणि त्यास 'फटफटी' म्हणावयास आरंभ केला. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें याहून समर्पक नांव शोधून काढण्यास एखाद्या पंडितास पुष्कळ डोकें खाजवावें लागलें असतें. मोटारगाडी एकसारखी घुमते, विमान घरघरतें. परंतु ही स्वारी मात्र फट्, फट्, फट् असे सुटे सुटे, मोजून घ्यावे असे ठोके देत जाते. हे ठोके सुटे कां ऐकूं येतात या एका प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला तर त्या यंत्राची बहुतेक सर्व रचना आपोआप उलगडत जाते. या लेखांत तेंच करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल जी फटफटी घेतली आहे ती आमच्या विद्यार्थिवर्गास निदान दुरून तरी परिचयाची आहे. ती म्हणजे रॉयल एनफील्ड कंपनीची बुलेट. त्यांतही दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ सालीं, इंग्लंडांत विक्रीस आलेली साडेतीनशें वर्गांतली एका सिलिंडरची बुलेट. हीच पुढें मद्रासेस आली आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ तेथें तयार होत राहिली.

तिचें जन्मस्थान इंग्लंडांतील रेडिच हें गांव. हें गांव मूळचें सुया करणाऱ्यांचें. शिवणाच्या सुयांसाठीं त्याची जगभर ख्याति होती. तेथें १८५१ च्या सुमारास जॉर्ज टाउनसेंड याचा सुयांचा कारखाना निघाला. त्या कारखान्यानें पुढें सायकली करावयास घेतल्या, आणि तो डबघाईस आल्यावर नव्या चालकांनीं सरकारी तोफखान्यास बंदुकांचे सुटे भाग पुरविण्याचें काम मिळविलें. एनफील्ड येथील सरकारी बंदुकांच्या कारखान्यावरून 'एनफील्ड' हें नांव आलें, आणि 'बंदुकीसारखी घडविलेली' हें कंपनीचें बिरुदही त्यावरूनच निघालें. पहिली मोटारसायकल तिनें १९०१ सालीं केली. 'बुलेट' म्हणजे बंदुकीची गोळी हें नांव तिनें १९३२ सालीं प्रथम वापरलें. परंतु ती युद्धापूर्वींची बुलेट निराळी होती. तिचें इंजिन पुढें कललेलें असे. आपणांस पाहावयाची ती युद्धानंतरची, सरळ उभ्या इंजिनाची.

आतां आंत डोकावूं. सिलिंडर म्हणजे ओतीव लोखंडाचें एक नळकांडें. त्याच्या डोक्यावर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें झांकण, आणि आंत वरखालीं होणारा एक दट्ट्या. दट्ट्या पहिल्यानें खालीं येतो तेव्हां एक झडप उघडते आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली हवा आंत ओढली जाते. तो वर जातो तेव्हां दोन्ही झडपा बंद असतात, म्हणून तें मिश्रण दाबलें जातें. दट्ट्या वर पोंचण्याच्या किंचित् आधीं विजेची ठिणगी पडते, मिश्रण भडकतें, आणि तापून फुगलेला वायु दट्ट्यास खालीं रेटतो. चौथ्या धांवेंत दुसरी झडप उघडून जळका धूर बाहेर ढकलला जातो. या चार धांवांत मुख्य आंसाचे दोन फेरे होतात. म्हणजे पाहा, चारांपैकीं एकच धांव कमाईची. उरलेल्या तीन निव्वळ खर्चाच्या. एक मिळवता आणि तीन खाणारे असें हें कुटुंब आहे, आणि त्या कुटुंबाचा संसार कसा चालतो तेंच पुढें सांगावयाचें आहे.

इंजिन उभ्या जागीं सावकाश चालत असतां मिनिटास सुमारें ८०० फेरे घेतें असें धरलें तर मिनिटास ४०० भडके उडतात, सेकंदास सहा-सात. इतके ठोके मनुष्याचा कान वेगळे ओळखूं शकतो. रस्त्यावर मिनिटास ३००० फेरे झाले तर सेकंदास २५ ठोके पडतात, आणि ते एकमेकांत मिसळूं लागतात. चार सिलिंडरांची मोटारगाडी त्याच ३००० फेऱ्यांस सेकंदास १०० ठोके देते. तेथें कानास एकच स्वर ऐकूं येतो. तेव्हां फटफटीचें 'फटफट' हें कांहीं विशेष बळाचें लक्षण नव्हे. दोन ठोक्यांच्या मध्यें जो रिकामा काळ जातो त्याची ती जाहिरात आहे.

आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं थोडे आंकडे. बुलेटच्या सिलिंडरचा आंतील व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. यावरून वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून त्यास धांवेनें गुणावें. उत्तर सुमारें ३४६ घन सेंटिमीटर येईल. लोक तिला 'साडेतीनशें' म्हणतात ती हीच. व्यासापेक्षां धांव लांब आहे हें ध्यानांत ठेवावें. लांब धांवेच्या इंजिनास फार वेगानें फिरणें सोसत नाहीं. मिनिटास ५००० फेरे झाले तर हा दट्ट्या सरासरी सेकंदास १५ मीटर, म्हणजे तासास ५४ किलोमीटर वेगानें धांवतो, आणि तेंही दर फेऱ्यास दोन वेळां पूर्ण थांबून! मिनिटांत दहा हजार वेळां थांबणें आणि पुन्हां सुटणें ही गोष्ट कोणत्याही धातूस सुखाची नाहीं. म्हणून या इंजिनाचें खरें काम सावकाश चालण्यांत आहे. त्याची शक्ति सुमारें १८ अश्वशक्ति. आजच्या मानानें अगदीं बेताची.

शक्ति बेताची असण्यास आणखी एक कारण आहे, आणि तें त्या काळाचें आहे. युद्ध १९४५ सालीं संपलें तरी इंग्लंडांत पेट्रोलचें रेशनिंग १९५० पर्यंत चालू होतें. जें मिळे तेंही हलक्या प्रतीचें. सर्व कंपन्यांचें पेट्रोल एकत्र करून एकाच दर्जाचें विकण्याची युद्धकाळांतील पद्धति तेथें १९५३ पर्यंत राहिली. असें हलकें पेट्रोल फार दाबलें तर ठिणगीची वाट न पाहतां आपण होऊन जागोजागीं पेट घेतें, आणि दट्ट्याच्या डोक्यावर हातोडीचे घाव बसल्यासारखा खणखणाट होतो. म्हणून रेडिचच्या कारागिरांनीं मिश्रण साडेसहा पटच दाबावयाचें ठरविलें. म्हणजे साडेसहा भाग जागेंतील मिश्रण एका भागांत कोंबावयाचें, त्याहून अधिक नाहीं. गरजेपोटीं स्वीकारलेली ही मर्यादा पुढें हिंदुस्थानांत वरदान ठरली. जेथें पेट्रोल कसें मिळेल याचा भरंवसा नसे, तेथें हें इंजिन मिळेल तें पिऊन चालत असे.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. दोन फेऱ्यांत एकच रेटा मिळतो. मग उरलेला दीड फेरा इंजिन कशाच्या जोरावर फिरतें? याचें उत्तर कुंभारास विचारावें. कुंभार काठीनें चाक एकदां जोरानें फिरवून देतो आणि मग दोन्ही हात मोकळे करून मडकें घडवीत बसतो. चाकाचें वजनच त्याचें काम पुढें चालवितें. बुलेटच्या पोटांतही असें चाक आहे. एक नव्हे, दोन. पोलादाच्या दोन जाडजूड तबकड्या समोरासमोर ठेवून त्यांच्या कडेजवळ एक खुंटी पक्की बसविलेली असते, आणि त्या खुंटीस दट्ट्याचा दांडा अडकविलेला असतो. कमाईच्या धांवेंत मिळालेलें बळ या तबकड्या सांठवितात आणि खर्चाच्या तीन धांवांत तें परत देतात. या तबकड्या जड असल्यामुळें बुलेट चढणीवर लवकर धीर सोडीत नाहीं, वरच्या गिअरांतही हळू हळू चालते. परंतु त्याच कारणामुळें तिला एकाएकीं वेग घेतां येत नाहीं. जड मनुष्य लवकर धांवूं लागत नाहीं आणि लवकर थांबतही नाहीं, तशांतला प्रकार.

चाकानें एक प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. दट्ट्या वर जाऊन थांबतो, खालीं येऊन थांबतो. दर खेपेस तो सगळ्या गाडीस वरखालीं हिसडा देतो. यावर उपाय म्हणून खुंटीच्या समोरच्या बाजूस तबकड्यांत जादा वजन ठेवतात. कावडीच्या एका टोकास घागर असली तर दुसऱ्या टोकास तितकाच भार लागतो, हा न्याय. परंतु येथें एक गोम आहे, आणि ती आमच्या मतें या सर्व विषयांतील सर्वांत मौजेची गोष्ट आहे. दट्ट्या फक्त वरखालीं जातो. तोलाचें वजन मात्र वर्तुळांत फिरतें. दट्ट्या अगदीं वर असतां वजन अगदीं खालीं असतें, तेव्हां दोघांचे हिसडे एकमेकांस मारतात. पण पाव फेरा झाला कीं तें वजन आडवें येतें, आणि आडव्या दिशेस त्यास अडविणारें कोणीच नसतें. म्हणजे दट्ट्याचा सर्व हिसडा नाहींसा करावा म्हटलें तर तितकाच हिसडा आडवा उत्पन्न होतो. एका सिलिंडरच्या साध्या इंजिनांत हा हिसडा नष्ट करतां येत नाहीं. तो फक्त वांटून देतां येतो. म्हणून कारागीर तोलाचें वजन दट्ट्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात, म्हणजे थोडा त्रास उभा, थोडा आडवा. बुलेटवर तासभर बसून उतरल्यावर तळहातांस ज्या मुंग्या येतात त्या या अपुऱ्या तडजोडीच्या होत.

दट्ट्याच्या दांड्याचा खालचा तोंडवळा ज्या खुंटीवर फिरतो तेथें सर्वांत अधिक मार बसतो. तेथें पुष्कळ कारखाने पोलादी रूळ बसवीत. रेडिचकरांनीं निराळाच मार्ग धरला. त्यांनीं खुंटी आणि दांडा यांच्यामध्यें एक मोकळें कडें घातलें, आणि त्या कड्यावर आंतून-बाहेरून पांढऱ्या मऊ धातूचा लेप दिला. हें कडें ना खुंटीस बांधलेलें, ना दांड्यास; तें दोघांच्या मध्यें तेलावर तरंगत फिरतें. त्यामुळें घर्षणाचा वेग दोन ठिकाणीं विभागला जातो आणि झीज कमी होते. हें सर्व अर्थात् तेल वेळेवर पोंचेल तर. तें न पोंचलें तर मऊ धातु क्षणांत वितळते. म्हणून या इंजिनाच्या तेलाची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. पुष्कळ इंग्रजी मोटारसायकलींना तेलाची निराळी टांकी बाहेर लटकत असे; बुलेटचें तेल इंजिनाच्याच पेटींत, मागच्या एका कप्प्यांत राहतें. मुख्य आंसाच्या टोकावर कोरलेल्या आट्यांनीं एक उभी कांब सावकाश फिरते आणि ती दोन लहान पंप चालविते. एक पंप तेल आंत देतो, दुसरा खालीं सांचलेलें तेल उपसून परत नेतो. बाहेर नळ्यांचा पसारा थोडा. जें फुटावयाचें तेंच नाहीं तर फुटणार काय?

झडपांची रचनाही अशीच सरळ आहे. इंजिनाच्या उजव्या अंगास दांत्यांच्या चाकांची एक पेटी आहे. तींतील दोन उंचवटेदार चाकें मुख्य आंसाच्या निम्म्या गतीनें फिरतात, कारण प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदांच उघडावयाची असते. त्या उंचवट्यांवरून दोन लांब काड्या सिलिंडरच्या भिंतींत ठेवलेल्या बोगद्यांतून वर जातात आणि डोक्यावरच्या लहान तरफांस ढकलतात. तरफा झडपांस खालीं दाबतात. झडपेची सैलता जुळविण्यासाठीं पुष्कळ यंत्रांत पातळ पत्र्यांची मापें लागतात. बुलेटला बोटें पुरतात. इंजिन थंड असतां सिलिंडरच्या बाजूचें लहान झांकण काढावें, झडप मिटलेली आहे असें पाहावें, आणि काडी चिमटींत धरून फिरवावी. ती सहज फिरली पाहिजे, परंतु वरखालीं हलतां कामा नये. इतकें साधलें कीं काम झालें. यंत्र इतकें सोपें केलें कीं तें अडाण्याच्या हातीं बिघडतें असें कांहीं लोक म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. ज्या यंत्राचें पोट उघडून पाहतां येतें त्याविषयीं मनुष्यास माया वाटते, आणि माया वाटली कीं तो शिकतो. शेतकऱ्याचा मुलगा दोन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन झाडाखालीं ही काडी जुळवितांना पुष्कळांनीं पाहिला असेल.

इंजिनाबद्दल इतकें झालें. परंतु इंग्लंडांत ही बुलेट गाजली ती इंजिनामुळें नव्हे. त्या काळच्या बहुतेक मोटारसायकलींच्या मागच्या चाकास स्प्रिंग नसे. चाक सांगाड्यास पक्कें जखडलेलें आणि स्वारास बैठकीखालीं दोन स्प्रिंगा, एवढाच आराम. बुलेटच्या मागच्या चाकासाठीं रेडिचकरांनीं एक झुलता दुहेरी बाहू बसविला. त्याचें एक टोक सांगाड्यांत बिजागरीसारखें फिरतें, दुसऱ्या टोकास चाक. आणि दोन्ही बाजूंस तेल भरलेल्या नळ्यांतील स्प्रिंगा. नुसती स्प्रिंग असती तर गाडी खाचेनंतर चेंडूसारखी उसळत राहिली असती. नळींतील तेल बारीक छिद्रांतून जातांना ती उसळी गिळून टाकतें. चिखलांतून आणि खडकांतून गाडी नेण्याच्या ज्या शर्यती इंग्लंडांत होत, त्यांतील जाणत्यांचा या नवलाईवर विश्वास नव्हता; मागचें चाक हललें तर जमीन सोडील असें त्यांचें म्हणणें. वस्तुतः जखडलेलें चाकच दगडावरून उडतें, आणि झुलतें चाक जमिनीस धरून राहतें. १९४८ सालीं इटलींतील सान रेमो येथें सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी झाली. तींत जिंकलेल्या ब्रिटिश संघांत दोघे स्वार या नव्या बुलेटवर होते, आणि दोघांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. तेव्हां वाद मिटला. आज जवळ जवळ प्रत्येक मोटारसायकलीच्या मागें तोच झुलता बाहू आहे.

मागच्या चाकाच्या तुंब्यांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. सांखळीनें ओढलें जाणारें दांत्यांचें चाक आणि खरें चाक यांच्यामध्यें रबराचे ठोकळे घातलेले आहेत. इंजिनाचा प्रत्येक ठोका प्रथम या रबरास बसतो, मग चाकास. सांखळीचें आयुष्य त्यामुळें वाढतें. तबकड्या, तोलाचें वजन, तरंगतें कडें, रबराचे ठोकळे, सगळें त्या एका ठोक्याची समजूत घालण्यासाठीं आहे हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

आतां ही गाडी सुरू कशी करावी? कारण येथें दट्ट्याशीं मनुष्याची प्रत्यक्ष गांठ पडते, आणि चूक झाल्यास पाय जायबंदी होतो. मद्रासेस होणाऱ्या जुन्या बुलेटवर दिव्याजवळ विजेचा प्रवाह दाखविणारें एक लहान घड्याळ असे. किल्ली फिरवून पायदांडा हळू हळू दाबूं लागलें कीं काटा एका बाजूस कलतो. दाबतां दाबतां पाय जड लागतो आणि काटा परत मध्यावर येतो. याचा अर्थ दट्ट्या मिश्रण दाबीत वर आला आहे आणि ठिणगीची वेळ होऊन गेली आहे. आतां डाव्या हाताशीं असलेली लहान मूठ ओढावी. तिच्यानें सिलिंडरमधील दाब बाहेर सुटतो. दांडा किंचित् पुढें न्यावा म्हणजे दट्ट्या माथा ओलांडतो. मूठ सोडावी, दांडा वर येऊं द्यावा, आणि मग सगळ्या अंगाचा भार घालून एकच लाथ शेवटपर्यंत मारावी. या खटाटोपाचें कारण सोपें आहे. माथा ओलांडल्यावर पुढचा दाब येईपर्यंत तबकड्यांस जवळ जवळ दोन फेऱ्यांची मोकळी वाट मिळते, आणि तेवढ्यांत त्यांच्या अंगीं वेग येतो. ज्यानें हें न करतां भीत भीत अर्धवट लाथ मारली, त्याचा दट्ट्या माथ्याच्या अलीकडेच अडखळतो. ठिणगी तर माथ्यापूर्वींच पडते. भडका दट्ट्यास उलट दिशेस लोटतो आणि पायदांडा उसळून पोटरीवर किंवा घोट्यावर बसतो. थोरल्या भावाची गाडी अंगणांत एकट्यानें सुरू करून पाहणाऱ्या शूरांनीं हा परिच्छेद दोनदां वाचावा. पालकांस आम्ही इतकेंच सुचवितों कीं, अठरा वर्षें पुरी होईपर्यंत मुलास ही गाडी रस्त्यावर चालविण्याची कायद्यानें परवानगी नाहीं. परंतु ती पुसतांना, उघडतांना, जोडतांना त्यास जवळ बसविण्यास कोणताही कायदा आड येत नाहीं.

हिंदुस्थानांत बुलेट आली ती प्रथम सैन्यासाठीं. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्त घालण्यास दणकट मोटारसायकल हवी होती. मद्रास मोटर्स या पेढीमार्फत सैन्यानें साडेतीनशें बुलेटची मागणी नोंदविली, आणि १९५५ सालीं त्या पेढीनें रेडिचच्या कंपनीशीं भागी करून एनफील्ड इंडिया ही कंपनी काढली. मद्रासेजवळ तिरुवोट्टियूर येथें कारखाना उभा राहिला. आरंभीं सुटे भाग विलायतेहून येत व येथें जोडले जात. मग सांचे आणि हत्यारेंही आलीं, आणि कांहीं वर्षांत सबंध गाडी येथेंच घडूं लागली. नंतर जें घडलें तें मोठें विलक्षण आहे. इंग्लंडांत बुलेट दर दोन-चार वर्षांनीं बदलत गेली, आणि १९६० नंतर लवकरच बंद झाली. रेडिचचा कारखाना १९६७ सालीं मिटला. मूळ कंपनीही १९७० च्या सुमारास संपली. मद्रासेस मात्र १९५५ सालची बुलेट थोड्याफार फेरफारानें तशीच तयार होत राहिली. सुयांच्या गांवीं विझलेली चूल समुद्रापलीकडे पेटत राहिली, आणि १९७७ सालीं येथून गाड्या उलट इंग्लंडांत विकावयास जाऊं लागल्या.

या टिकाऊपणाचें कौतुक करतांना सत्य सोडूं नये. बुलेट बदलली नाहीं याचें अर्धें श्रेय तिच्या घडणीस, आणि अर्धें येथील टंचाईस आहे. परदेशी गाड्या आयात करण्यास बंदी, नव्या कारखान्यांस परवाना दुर्मिळ, गिऱ्हाईक नांव नोंदवून वाट पाहणार. मग सुधारणा करा म्हणून कोण मागें लागतो? तिचे दोष ठाऊक असूनही वर्षानुवर्षें तसेच राहिले. डाव्या बाजूच्या सांखळीची पेटी मधल्या एकाच नटावर आवळलेली असे. ती कडेनें तेल गाळी, आणि बुलेट जेथें उभी असेल तेथें जमिनीवर काळा ठिपका पडावयाचा हें लोकांनीं गृहीतच धरलें होतें. दिवा मंद. ब्रेक त्या वजनास अपुरा. गिअर उजव्या पायाशीं आणि ब्रेक डाव्या पायाशीं, पहिला गिअर वर आणि बाकीचे खालीं, अशी जुनी इंग्रजी पद्धति. इतर गाड्यांवर शिकलेला मनुष्य बुलेटवर बसून घाईच्या प्रसंगीं ब्रेक समजून गिअर दाबीत असे, आणि त्यांत अपघात होत. एक चांगली सोय मात्र त्या जुन्या गिअरपेटीस होती. टांचेनें दाबण्याची एक लहान पट्टी असे, तिच्यानें वरच्या कोणत्याही गिअरांतून गाडी एकदम मोकळी होई. चौकांत थांबणाऱ्यास ती फार उपयोगी. नव्या गाड्यांतून ती गेली याचें आम्हांस वाईट वाटतें.

टंचाईनें लोकांसही कल्पक केलें. सौराष्ट्रांत बुलेटचा पुढचा भाग घेऊन त्यामागें दोन चाकांचा सांगाडा जोडीत आणि 'छकडा' नांवाचें वाहन तयार करीत. त्यांत माणसें, कडबा आणि दुधाच्या कासंड्या एकत्र जात. १९८५ सालीं हिरो होंडा कंपनीची शंभर वर्गांतील हलकी गाडी आली. तीही चार धांवांची, एकाच सिलिंडरची. परंतु ती थोड्या पेट्रोलांत पुष्कळ चाले, तेल गाळीत नसे आणि मुलासही सुरू करतां येई. तिच्यापुढें बुलेटची गरज म्हणून खरेदी ओसरली; जी उरली ती आवडीची. १९९४ सालीं कंपनी आयशर उद्योगांत विलीन झाली, आणि २००९ च्या सुमारास ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचें तें जुनें इंजिन बंद करून त्या जागीं इंजिन व गिअरपेटी एकाच कवचांत असलेलें नवें इंजिन आलें.

या आवडीचा एक चमत्कारिक परिणाम झाला आहे. ठोका मोठा ऐकूं यावा म्हणून कांहीं तरुण धुराच्या नळीतील आवाज-शामक पडदे काढून टाकतात. तो गुन्हा आहे हें तर खरेंच. पण ज्यांनीं ही गाडी घडविली त्यांच्या दृष्टीनें तो अडाणीपणाही आहे. झडप उघडतांच दाबांतील वायु एकदम बाहेर सुटतो; नळी आणि पडदे त्यास प्रसरण्यास जागा देऊन त्याचा जोर उतरवितात. ती नळी इंजिनाच्या श्वासोच्छ्वासास जुळवून केलेली असते. ती मोडली तर मिश्रणाचें प्रमाण बिघडतें, आणि गाडीची शक्ति न वाढतां फक्त शेजाऱ्यांची झोंप मोडते. मूळच्या बुलेटचा ठोका खोल होता. तो कर्कश कधींच नव्हता.

२०२३ सालीं बुलेटला पुन्हां नवें इंजिन मिळालें. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, धांव ८५.८ मिलिमीटर, अजूनही धांव व्यासाहून लांब. दाब साडेनऊ पट, शक्ति सुमारें वीस अश्वशक्ति. म्हणजे पाऊणशें वर्षांत दोनच घोडे वाढले! झडपांच्या लांब काड्या गेल्या; उंचवट्याचा आंस आतां डोक्यावरच फिरतो. पेट्रोल किती सोडावयाचें तें विजेच्या यंत्रणेनें ठरतें. आणि तोलाच्या ज्या अडचणीचा वर विस्तार केला तीवर अखेर उपाय झाला आहे: मुख्य आंसाशेजारीं एक वजनदार आंस उलट दिशेनें, त्याच वेगानें फिरतो. मुख्य आंसावरचें वजन उजवीकडे येतें तेव्हां हें डावीकडे असतें, म्हणून आडवे हिसडे एकमेकांस मारतात; दोन्ही वजनें खालीं असतां मिळून दट्ट्यास तोलतात. तळहातांच्या मुंग्या त्यामुळें पुष्कळ कमी झाल्या. पायदांडा मात्र या गाडीस नाहीं. बटन दाबलें कीं ती सुरू होते. मिनिटास ३००० फेरे झाले म्हणजे सेकंदास ठोके तिचेही पंचवीसच.